उद्या मरायचं होतं त्याला

एवारिस्तोच्या स्वतःच्या अंगणात आंब्याचं झाड होतं. चांगलं डेरेदार, फळांनी लगडलेलं. तरी डोक्यावरचे केस पांढरे झाले तेव्हाही हा गृहस्थ पाद्री अन्सेल्मोच्या परसातल्या झाडावर चढून आंबे चोरायचा. ‘अरे, घरचे सडतायत ते खा की,’ असं मी म्हटलं की मलाच सुनवायचा, ‘नीकानोर, तू न्हावी. तुला चवीतलं काय कळणार? मागे कुत्रा लागल्याशिवाय आंब्याला गोडी येत नाही.’ शेवटी एकदा वर चढला आणि फांदीवरच त्याचा गुडघा आखडला. खाली पाद्र्याचा कुत्रा, वर हा. आगीचा बंब बोलवावा लागला. जीव धोक्यात घालून शिडी चढून आलेल्या जवानाला ह्याने काय विचारावं? ‘मला भोंगा वाजवू देशील का?’ वाजवू दिला बिचाऱ्याने. मग पाद्र्याच्या घरापासून बाजारापर्यंत हा लेकाचा भोंगा वाजवत बंबात बसून गेला, आणि उतरताना खिशातून आंबा काढून जवानाला बक्षीस दिला.

असला माझा मित्र. धंदा बर्फाचे गोळे विकायचा. बारान्कियासारख्या भट्टीत बर्फ विकणारा माणूस खरं तर बंगला बांधतो, पण एवारिस्तो गाडी शाळेच्या फाटकाशी लावायचा आणि पोरांशी गोट्या खेळायला बसायचा. जो जिंकेल त्याला गोळा फुकट. पोरं जिंकायची. हा हरला की पाय आपटायचा, ‘तू बोट पुढे सरकवलंस, मी पाहिलं’ म्हणून आठ वर्षांच्या मुलाशी भांडायचा, रुसून गाडी उचलून निघायचा आणि पुढच्या कोपऱ्यावरून वळून परत यायचा. चिंचेच्या रसाचा गोळा मात्र त्याच्यासारखा कोणी केला नाही. मी आजही दुसऱ्या कोणाचा खाल्ला की तोंड वाकडं करतो.

एकदा त्याचं लग्नही ठरलं होतं. रोसाउरा नावाची चांगली मुलगी होती. चर्चला जाताना वाटेत चौकात भोवऱ्यांचा सामना रंगलेला. नवरदेव म्हणाला, ‘एकच डाव.’ पोचला तेव्हा फुलं माना टाकून बसली होती आणि रोसाउरा पायऱ्यांवर बसून बूट काढत होती. तिने शांतपणे विचारलं, ‘निदान जिंकलास तरी का?’ हा म्हणाला, ‘हरलो.’ तेव्हा मात्र तिने बूट फेकून मारला. मला अजून वाटतं, तो जिंकला असता तर लग्न लागलं असतं.

त्याला सांभाळायची त्याची थोरली बहीण ओतिलिया. आई लवकर गेली, बाप बोटीवर गेला तो गेलाच. ओतिलियाने भावाला वाढवलं आणि मग वाढवतच राहिली, कारण तो काही वाढून संपेना. त्याचे शर्ट इस्त्री करायची, खिशातल्या गोट्या काढून डब्यात ठेवायची, आणि दिवसातून एकदा तरी त्याच्या नावाने शिमगा करायची. गावात तिला हसताना पाहिलेला माणूस मला भेटला नाही. कार्निव्हलचे चार दिवस ती दारं-खिडक्या लावून जपमाळ ओढत बसायची, कारण त्या दिवसांत तिचा भाऊ गावचा राजा असायचा.

होसेलितो म्हणजे आमचा कार्निव्हलच. शनिवारपासून तो पितो, नाचतो, पोरींच्या मागे लागतो, आणि मंगळवारी अति झाल्याने मरतो. मग आळीआळीतून त्याच्या तिरड्या निघतात आणि अख्खं गाव त्याची विधवा होतं; सगळ्यात चांगल्या टोळीला बक्षीस. आमच्या आळीचा होसेलितो एवारिस्तो आणि थोरली विधवा मी. बायकोचा काळा झगा, डोक्यावर जाळीचा पदर, आणि मिशी तशीच. मी त्याच्या छातीवर पडून ‘माझ्या राजा, ह्या आठ लेकरांचा बाप कोण ते तरी सांगून जा रे!’ म्हणून हंबरडा फोडायचो, आणि प्रेत खालून हळूच म्हणायचं, ‘नीकानोर, उठ, तुझ्या कोपराने माझी बरगडी मोडतेय.’ त्याच्यासारखं प्रेत साऱ्या किनारपट्टीवर नव्हतं. शेजारच्या आळीचा कसिल्दो खाटीक, त्यांची थोरली विधवा, जळून खाक व्हायचा. त्याच्याकडे रडणारे चांगले होते, पण मरणारा नव्हता.

आता खरी गोम अशी की एवारिस्तोला मरण्याची चटकच लागली होती. कार्निव्हल नसतानाही मरायचा. एकदा रेडिओवर स्वतःच्या निधनाची बातमी दिली, आणि कोण कोण रडतंय ते स्वयंपाकघराच्या फटीतून सूप पीत पाहत बसला. जो रडला नाही त्याच्याशी वर्षभर बोलला नाही. पाद्री अन्सेल्मो पवित्र तेलाची बाटली घेऊन धापा टाकत किती वेळा धावला असेल! तो कपाळाला तेल लावायला वाकला की हा डोळा उघडून विचारायचा, ‘फादर, आंबे पिकले का?’

त्या वर्षी कार्निव्हलच्या सोमवारी दुपारी मी दुकानात बसून दुसऱ्या दिवसासाठी टोप विंचरत होतो. ओतिलिया आली. उन्हात, डोक्यावर काही न घेता. कार्निव्हलमध्ये ती घराबाहेर पडली, हेच आक्रीत होतं.

‘नीकानोर, एवारिस्तो गेला.’

‘कुठे गेला?’

‘मेला.’

‘अगं ताई, उद्या मरायचंय त्याला! आजच कसला मेला? सांग त्याला, अजून माझा झगा उसवलेलाच आहे.’

ती माझ्या खुर्चीत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि समोरच्या आरशात स्वतःकडे बघत राहिली. मी टोप हातात घेऊन तसाच धावलो.

एवारिस्तो जाळीच्या झुल्यात पडला होता. एक पाय बाहेर, पोटावर अर्धा खाल्लेला आंबा. मी आधी तळव्याला गुदगुल्या केल्या. ह्याला इतक्या गुदगुल्या व्हायच्या की दाढी करताना मानेला ब्रश लावला तरी खुर्चीतून घसरायचा. काही नाही. मी कानात ओरडलो, ‘कसिल्दोला पहिलं बक्षीस मिळालं!’ काही नाही. मग माझ्या खिशातला छोटा आरसा त्याच्या नाकाशी धरला. काच स्वच्छ राहिली. मी तिथेच फरशीवर बसलो आणि टोपात तोंड खुपसून रडलो. खोटं कशाला सांगू, मला रागच आला होता त्याचा. माझ्याशिवाय मेला.

ओतिलिया मागोमाग आली. तिने त्याचा बाहेर आलेला पाय झुल्यात नीट ठेवला. मग म्हणाली, ‘नीकानोर, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हा जन्मभर लोकांना हसवत राहिला, आणि लोक ह्याला हसत राहिले. कोणी म्हणून ह्याला खरं मानलं नाही. उद्या एक तास मला गावाने ह्याला खरं मानायला हवंय. माणूस गेला म्हणून रडायला हवंय. बस. तेवढं कर.’

मी शब्द दिला. उन्हाळा असला की मेलेला माणूस थांबत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी पुरावंच लागणार होतं. म्हणजे मंगळवारी. म्हणजे होसेलितोच्या दिवशी, होसेलितोच्या वाटेने, कारण दफनभूमीकडे दुसरी वाट नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी रस्त्यात उभा होतो, आणि कोणीतरी कार्निव्हलच्या रिवाजाप्रमाणे माझ्या तोंडावर मक्याचं पीठ फेकलं.

त्या पांढऱ्या तोंडाने मी गाव पालथं घातलं. ‘एवारिस्तो मेला हो! खरंच मेला!’

‘वा नीकानोर! यंदा आदल्या दिवसापासूनच का?’

‘अरे, आईची शपथ घेऊन सांगतो!’

‘मागच्या वर्षीपण आईचीच घेतली होतीस. दुसरं कोणी मेलं नाही का तुझ्या घरात?’

जितकं रडावं तितक्या टाळ्या. ढोलवाल्यांनी माझ्या हुंदक्यांना ठेका धरला. एका बाईने मला जवळ घेऊन दारूचा घोट पाजला आणि म्हणाली, ‘इतकं छान रडतोस, झगा न घालताच!’ मी पाद्र्याच्या दारावर धक्के मारले. पाद्री अन्सेल्मोने खिडकीची एक फळी उघडली.

‘फादर, एवारिस्तो गेला.’

‘पुन्हा?’

‘फादर, ह्या वेळी खरंच.’

‘उद्याचा दिवस जाऊ दे, नीकानोर. परवा राखेचा बुधवार. दोघांनी या, दोघांच्याही कपाळाला राख लावतो.’ आणि फळी लावून घेतली. पाद्र्याला दोष देऊन उपयोग नव्हता. त्याचे आंबे गेले होते आणि तेलही.

कसिल्दो दुकानापुढे आपल्या विधवांना रडण्याची तालीम देत होता. त्याने माझं ऐकलं, सुरा खाली ठेवला आणि डोळे बारीक केले. ‘खरी शवपेटी आणणार म्हणे तुम्ही यंदा? सुताराकडून कळलं मला. लाज वाटत नाही? पेटी असली तर पुठ्ठ्याची, हा नियम आहे.’

‘अरे गाढवा, माणूस मेलाय!’

‘आमचापण मेलाय,’ तो म्हणाला. पलीकडे त्याचा होसेलितो फळीवर पडून सॉसेज खात होता.

सुतार तेवढा आला. मापं घेताना त्यानेही तळव्याला एक गुदगुली करून पाहिली. ओतिलियाने ते पाहिलं. संध्याकाळभर जो आला त्याने हेच केलं. आळीतले आठ-दहा जण मात्र आले, पाहिलं, आणि पटून गप्प झाले. ते आमच्याच टोळीतले, दरवर्षी माझ्याबरोबर विधवा व्हायचे. मी त्यांना बजावलं, ‘उद्या एकाने टोप घालायचा नाही. काळे कोट, पॉलिश केलेले बूट. कोणी हसायचं नाही, आणि खोटं रडायचं नाही.’

चूक झाली ती हीच. पण तेव्हा ती कोणाला कळणार!

मंगळवारी ऊन कलायला लागलं तसे आम्ही पेटी खांद्यावर घेऊन निघालो. पुढे ओतिलिया, इस्त्रीच्या काळ्या कपड्यांत, ताठ. मागे आम्ही, कोट घातलेले, गंभीर, घामाने निथळत. मोठ्या रस्त्यावर वळलो आणि क्षणभर सगळं गाव चूप झालं. आमची टोळी, गावातली सगळ्यात आचरट टोळी, आणि एकाच्याही ओठाला लाली नाही! मग जो जल्लोष उठला म्हणता! गच्च्यांवरून, झाडांवरून, खांबांवरून लोक ओरडायला लागले.

‘काय ते चेहरे! अगदी खऱ्यासारखे!’

‘ओतिलियाबाईसुद्धा! अहो, ओतिलियाबाईसुद्धा आल्या!’

‘एवारिस्तो, पेटीत गरम होतंय का रे?’

पिठाचा पाऊस पडला. आमचे काळे कोट पांढरे झाले. एका टोळीने बासरी धरली, दुसरीने ढोल. माझ्या शेजारी खांदा दिलेली आमची धाकटी विधवा, चांगला सहा फुटी गडी, दात-ओठ खात म्हणाला, ‘नीकानोर, पाय आपोआप नाचतायत रे.’ मी म्हटलं, ‘नाचलास तर पाय तोडीन.’ पण पेटी डोलायला लागली होती. सवयच तशी पडलेली.

तेवढ्यात समोरून कसिल्दोची तिरडी आली. त्याने आमच्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि हरतोय हे त्याच्या लक्षात आलं. खाटीक असला तरी कलावंत माणूस. त्याने स्वतःच्या होसेलितोला तिथेच टाकलं आणि झगा सावरत धावत येऊन आमच्या पेटीवर झेप घेतली. ‘माझ्या सोन्या! माझ्या रात्रीच्या राजा! ह्या मिशीवालीकडे गेलास तेव्हाही मी तुझी वाट पाहिली रे!’ एवढं धूड वर आल्यावर आमचे गुडघे वाकले, पेटी रस्त्याला टेकली. त्याच्या विधवांनी छाती बडवत पेटीभोवती रिंगण धरलं.

ओतिलिया वळली. तिने दोन्ही हात वर केले. ‘अहो, तो खरंच मेलाय! माझा भाऊ मेलाय!’

असा टाळ्यांचा कडकडाट त्या रस्त्याने कधी ऐकला नव्हता. परीक्षकांच्या मांडवात लोक उभे राहिले. तिने पायातला बूट काढला आणि कसिल्दोच्या पाठीत घातला. आणखी टाळ्या. दुसरा घातला. शिट्ट्या! कसिल्दोचा होसेलितो भांडण नीट दिसावं म्हणून फळीवर उठून बसला. आणि लाउडस्पीकरवरून आवाज आला, की ह्या वर्षीचा पहिला मान निर्विवादपणे एवारिस्तोच्या टोळीला. एक नटलेली मुलगी धावत आली आणि पेटीवर लाल-पिवळी फीत बांधून गेली.

ओतिलियाने ती सोडायला हात घातला. गाठ पक्की होती.  शेवटी तिने फीत तशीच राहू दिली आणि अनवाणी चालायला लागली. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दिलेला शब्द पिठात मिसळला होता.

आणि गर्दी सुटेना! साधारणपणे आमची आळी सोडून बाकी लोक मांडवापाशीच पांगतात. पण त्या दिवशी सगळे मागून आले, ढोल, बासऱ्या, कसिल्दोच्या विधवा, सॉसेजवालं प्रेतही. का? कारण दफनभूमीच्या फाटकाशी एवारिस्तो उठायचा, आणि दर वर्षी नवी युक्ती करून उठायचा. एकदा कोंबडी घेऊन उठला होता, एकदा फटाके लावून, एकदा पेटीत नुसता दगड सापडला आणि हा मागून येऊन स्वतःच्याच प्रेताला रडत होता. आता तर पहिलं बक्षीस, खरी पेटी. ह्या वेळी काय करेल!

फाटक आलं. उठला नाही. ‘आत उठणार!’ लोक म्हणाले आणि आत शिरले.

आमच्याकडे भिंतीतले कप्पे असतात. कप्प्यात पेटी सरकवतात आणि तोंड विटांनी बांधून काढतात. ओतिलियाच्या आईच्या शेजारचा कप्पा उघडून गवंडी थापी घेऊन तयार होता. आम्ही पेटी सरकवत होतो तेव्हा पाद्री अन्सेल्मो धावत आला, झग्यावर पीठ, हातात पुस्तक. मांडवातल्या लाउडस्पीकरवरून ओतिलियाचा आवाज त्याला घरी ऐकू गेला होता म्हणे. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता प्रार्थना सुरू केली.

‘पाद्रीपण सामील!’ मागून कोणीतरी ओरडलं. हशा उसळला.

गवंड्याने पहिली वीट लावली.

‘ऊठ रे एवारिस्तो, घर बांधतायत तुझ्यावर!’

विटांची एक ओळ पूर्ण झाली. हसणं चालू होतं, पण त्यात आता जरा घाई होती. दुसरी ओळ लागली. ढोलवाल्याचा एक हात थांबला, मग दुसरा. पाद्र्याचा आवाज मागच्यांपर्यंत ऐकू जायला लागला. कसिल्दो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. डोळ्यांतलं काजळ ओघळून हनुवटीपर्यंत आलेलं.

‘नीकानोर,’ तो पुटपुटला, ‘कुठून निघणार तो? मागून वाट आहे का?’

मी नकारार्थी मान हलवली.

त्याने टोप काढला. त्याचं बघून त्याच्या विधवांनी काढले. मग ते वाऱ्यासारखं मागे गेलं; मुखवटे उतरले, टोप्या उतरल्या, कोणीतरी छातीवर क्रूस केला. कसिल्दोने तोंडावर हात घेतला आणि इतक्या वर्षांत मी ऐकलं नव्हतं असं रडला, बारीक, कुत्र्याच्या पिल्लासारखं. मग सगळेच. शाळेच्या फाटकाशी त्याला हरवून मोठे झालेले बाप्ये रडत होते. सगळं गाव पिठाने माखून, लाल गालांनी, झगे घालून रडत होतं, आणि त्यात एक हुंदका खोटा नव्हता. झालं, मी मनात म्हटलं. मिळालं ओतिलियाला. मी तिच्याकडे वळलो.

ती गवंड्याचा हात धरून उभी होती.

‘थांब जरा,’ ती त्याला म्हणाली. वर एक-दोन विटांची फट उरली होती. तिने अनवाणी टाचा उंचावल्या आणि त्या फटीशी तोंड नेलं.

‘एवारिस्तो,’ ती म्हणाली, लाडाने, अगदी हळू, ‘पुरे आता. बघ, सगळे रडले. कसिल्दोसुद्धा रडला. तू जिंकलास. ये बाहेर, मी रागावणार नाही.’

आणि तिने कान लावला.

कोणी हललं नाही. पाद्र्याने पुस्तक मिटलं. मी तिला धरायला पुढे व्हायला हवं होतं, पण झालो नाही. मीही त्या फटीकडेच बघत होतो. थापीवरचं सिमेंट सुकायला लागलं तरी गवंड्याला ‘लाव’ असं कोणीही म्हणालं नाही.